गंमत, नट आणि संहिता : छत्तीसगढी नाचातील विनोदी अभिनेत्यांची वाटचाल

विनोदी नटाचे कर्तृत्व नोंदविताना वाङ्मयेतिहासाची रूढ साधने अपुरी पडतात. संहिता छापली जाते, तिची भाषांतरे होतात, ती अभ्यासक्रमात येते. परंतु प्रयोगागणिक संवाद घडविणारा नट बहुधा तळटीपेत राहतो. तौलनिक साहित्याभ्यास प्रामुख्याने संहितांची तुलना करीत असल्याने ही उणीव त्यास विशेष जाणवावयास हवी. रायपूर परिसरातील नाचा कलावंतांची १९५८ नंतरची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे.

नाचा हा छत्तीसगढचा रात्रभर चालणारा लोकनाट्यप्रकार. त्यात जोक्कड, म्हणजे विनोदी नट, आणि परी, म्हणजे स्त्रीवेषातील पुरुष नट, ही प्रमुख पात्रे असतात. त्यातील विनोदी नाट्यांशाला ‘गम्मत’ म्हणतात. मराठी वाचकास हा शब्द परका नाही. पूर्व विदर्भात ‘खडी गंमत’ हा उभ्याने सादर होणारा प्रकार प्रचलित आहे, आणि नाचाच्या जुन्या रूपातही वादक वाद्ये कमरेला बांधून उभ्यानेच साथ करीत. रायपूरचा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, हे ध्यानात घेता या दोन रूपांतील देवाणघेवाणीचा विचार अप्रस्तुत ठरत नाही. मात्र कोणी कोणाकडून काय घेतले, यापेक्षा दोन्हींतील समान रचनातत्त्व अधिक महत्त्वाचे आहे. कथेचा सांगाडा ठरलेला असतो. संवाद नटाच्या हजरजबाबीपणावर सोपविलेले असतात. तमाशातील सोंगाड्याचे कामही हेच.

राजनांदगाव भागातील रवेली येथे दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाचाची संघटित मंडळी उभी केली. मदन निषाद, लालूराम, ठाकुरराम यांसारखे नट या परंपरेत घडले. १९५८ मध्ये युरोपातून परतल्यावर मूळचे रायपूरचे हबीब तनवीर (१९२३-२००९) यांनी तेथील शाळेच्या मैदानावर रात्रभर नाचा पाहिला आणि त्यातील काही कलावंतांना ‘मृच्छकटिका’वर आधारित ‘मिट्टी की गाडी’साठी दिल्लीला नेले. आरंभी या नटांना हिंदी बोलावयास लावले गेले व आखीव हालचालींत बसविले गेले; त्यामुळे त्यांचे सामर्थ्य झाकोळले, हे पुढे तनवीर यांनीच मान्य केले. १९७३ च्या रायपूर येथील कार्यशाळेत तीन जुन्या गमती एकत्र गुंफून ‘गांव के नांव ससुराल, मोर नांव दामाद’ सिद्ध झाले. नट आपल्या मातृभाषेत परतले आणि विनोदालाही त्याची गती परत मिळाली.

‘चरणदास चोर’ (१९७५) या नाटकात संहितेचा प्रश्न अधिक तीव्र होतो. विजयदान देथा यांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेचा आधार घेऊन भिलाई येथील शिबिरात त्याचे बीज रुजले. तालमींतील उत्स्फूर्त संवादांतून आणि सतनामी पंथाच्या गीतांतून ते वाढले. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी त्यावर बालचित्रपट केला. लालूराम चरणदासच्या भूमिकेत, तर मदनलाल त्याच्या सोबत्याच्या भूमिकेत पडद्यावर आले. रंगमंचावर हशा पाहून वाक्य लांबविणाऱ्या नटासमोर येथे प्रेक्षकच नव्हता. चित्रपटामुळे त्यांची मुद्रा आणि बोली टिकली. परंतु जी गोष्ट दर रात्री बदलत असे तिचे एकच रूप कायम झाले. पुढे १९८२ मध्ये एडिंबरा महोत्सवात नाटकास पुरस्कार मिळाला. ते जगभर पोहोचले ते दिग्दर्शकाच्या नावाने.

याच काळातील मराठी उदाहरण याहून निराळे आहे. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यात दादा कोंडके (१९३२-१९९८) यांनीही संहितेत सतत भर घातली. परंतु १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ काढताना ते स्वतः निर्माते झाले. पटकथा सबनीसांची आणि दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे असूनही चित्रपट कोंडक्यांच्या नावाने ओळखला गेला. त्यांच्यामागे मराठी चित्रपटाची प्रस्थापित बाजारपेठ होती. छत्तीसगढीत ‘कहि देबे संदेस’ (१९६५) आणि ‘घर द्वार’ (१९७१) यांनंतर चित्रपटनिर्मितीला पुन्हा चालना मिळाली ती ‘मोर छंइहा भुंइया’ने, २००० मध्ये, राज्यनिर्मितीच्या वर्षी. तोवर जोक्कडांच्या त्या पिढीचा उमेदीचा काळ सरला होता.

तिसरे उदाहरण मोलिएरचे. तनवीर यांनी त्याच्या १६७० च्या प्रसिद्ध प्रहसनाचे ‘मिर्झा शोहरत बेग’ हे रूपांतर केले आणि पुढे तेच छत्तीसगढीत ‘लाला शोहरत राय’ म्हणून आणले. मोलिएर स्वतः विनोदी नट होता. १६५८ मध्ये पॅरिसला आल्यावर त्याची मंडळी इटालियन नटांबरोबर एकाच नाट्यगृहात खेळत असे, आणि त्या नटांचा उत्स्फूर्त विनोद त्याच्या प्रहसनांत मुरला. तरीही तो इतिहासात टिकला, कारण लेखणी त्याच्याच हाती होती. शिवाय ला ग्रांज या सहनटाने मंडळीच्या खेळांची व उत्पन्नाची नोंदवही ठेवली आणि १६८२ मध्ये त्याची समग्र नाटके छापण्यात पुढाकार घेतला.

तेव्हा नटाची स्मृती केवळ प्रतिभेवर टिकत नाही. मोलिएरजवळ लेखणी होती, कोंडक्यांजवळ निर्मितीची सत्ता. लालूराम आणि मदन निषाद यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. चरणदासची भूमिका दीर्घकाळ करणारे गोविंदराम निर्मलकर यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली; २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. हा सन्मान मोलाचा असला तरी तो व्यक्तीचा होता. संहितेतील त्या नटांचा वाटा त्याने निश्चित होत नाही. त्यासाठी ‘चरणदास चोर’कडे एका लेखकाची कृती म्हणून न पाहता कथाकार, दिग्दर्शक, गीतकार व नट यांची संयुक्त निर्मिती म्हणून पाहावे लागेल. उपलब्ध ध्वनिचित्रमुद्रणे मुद्रित पाठाशेजारी ठेवून पाठभेदांचा अभ्यास झाला, तर जोक्कडाचे शब्द पुन्हा त्याच्या नावावर लावता येतील. तौलनिक साहित्याभ्यासाला पाठचिकित्सा नवी नाही. ती नटाच्या वाणीपर्यंत नेणे एवढेच उरले आहे.