एक डॉलर, एक रुपया?

दर १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपून आपण खाली चहा घेत असतो, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतो. '१९४७ साली १ डॉलर म्हणजे १ रुपया होता, आज बघा!' खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. माझी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षे परकीय चलन विभागात, त्यामुळे हा मेसेज वाचला की माझं ब्लडप्रेशर वाढतं. ग्रुपवर वाद घालायचा नाही, अशी घरून ताकीद आहे. कमिटीने रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा म्हटलं, चला, इथेच सांगून टाकू.

१९४७ साली आपला रुपया डॉलरला नव्हे, ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. हा दर १९२७ च्या कायद्याने ठरला होता. रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. मुंबईच्या गिरणीवाल्यांना १ शिलिंग ४ पेन्सचा दर हवा होता. रुपया महाग ठेवला की विलायती कापड इथे स्वस्त पडतं आणि आपला माल बाहेर महाग होतो, हे त्यांचं दुखणं. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी हिल्टन यंग आयोगात याच मुद्द्यावर आपलं वेगळं मत नोंदवलं. त्याच आयोगापुढे डॉ. आंबेडकरांचीही साक्ष झाली होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्याआधीच, १९२३ साली प्रसिद्ध झाला होता. दोन पेन्सांवरून केवढं रान पेटलं होतं, हे आज सांगून खरं वाटणार नाही.

तर, १९४७ मध्ये एका पौंडाला ४.०३ डॉलर मिळत. आता शाळेतलं त्रैराशिक मांडा. एक डॉलर पडतो साधारण ३ रुपये ५ आण्यांना. झालं!

'तेव्हा देशावर कर्ज नव्हतं, म्हणून एकास एक' अशी पुस्ती त्या मेसेजला असते. उलट महायुद्धात इथून उचललेल्या मालाचे इंग्रजच आपलं देणं लागत होते, शंभर कोटी पौंडांच्या वर. पण कर्ज नसलं की दर एकास एक होतो, हे कुठलं शास्त्र? डॉलरला शंभराहून जास्त येन पडतात म्हणून जपान काही भिकारी ठरत नाही.

सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. पाठोपाठ आपणही उतरलो आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. पाकिस्तान मात्र उतरला नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकच असलेला रुपया, आता त्यांच्या शंभराला आपले १४४ मोजायचे! आपण ते मान्य केलं नाही. ताग पूर्व बंगालच्या शेतात आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्याला, व्यवहारच अडला. अखेर १९५१ मध्ये आपण तो दर मान्य केला. फाळणीवर ढीगभर पुस्तकं आहेत, पण हा प्रसंग फारसा कुणाला ठाऊक नसतो.

पुढे ६ जून १९६६. चीनचं युद्ध, पाकिस्तानचं युद्ध, दुष्काळ, आणि थांबलेली परदेशी मदत. इंदिराजींच्या सरकारने डॉलर ४.७६ वरून ७.५० वर नेला. मी शाळेत होतो. वडील पेपर वाचता वाचता म्हणाले, "एका रात्रीत छत्तीस टक्के गेले." शेजारचे काका म्हणाले, "छे, डॉलर सत्तावन्न टक्क्यांनी महागला." दोघांचं जुंपलं. बँकेत लागल्यावर मला कळलं की दोघेही बरोबर होते. रुपयाची किंमत साडेछत्तीस टक्के उतरली, की डॉलर साडेसत्तावन्न टक्के चढतो. भागाकार कुठल्या बाजूने करता, एवढाच प्रश्न.

१९७५ साली रुपया पौंडापासून सोडवून अनेक चलनांच्या गटाशी जोडला गेला आणि मग हळूहळू घसरत राहिला.

१९९१ मी काउंटरच्या आतून पाहिलं. आखाती युद्धाने तेल महागलेलं, गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती. रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं ते याच जुलैमध्ये. सोमवारी, १ जुलैला, डॉलर सुमारे २१ वरून २३ वर गेला. आमच्याकडे एक छोटे कारखानदार होते, त्यांचं यंत्राचं १०,००० डॉलरचं बिल त्या शुक्रवारपर्यंत भरायचं होतं. मंगळवारी घाबरेघुबरे होऊन आले. म्हणाले, "साहेब, आजच भरून टाकू का?" मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "पडायचा तेवढा पडला. घाई करू नका, जरा सावरेल." बुधवारी, ३ जुलैला, सरकारने दुसरी कपात केली आणि डॉलर २६ च्या घरात गेला. दोन टप्प्यांचा हा बेत आधीच ठरला होता. आमच्यापर्यंत तो कळणार कसा? पण त्या गृहस्थांना तीसेक हजारांचा फटका बसला तो माझ्या शब्दामुळे. ते एक शब्द बोलले नाहीत. सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं, तेवढं लक्षात राहिलं.

१९९३ पासून दर बाजारात ठरू लागला. अमेरिकेपेक्षा आपल्याकडे महागाई जास्त वेगाने वाढते, त्या मानाने रुपया उतरतो. रिझर्व्ह बँक धक्के कमी करते, इतकंच. २००० साली, आपली सोसायटी नवीन होती तेव्हा, डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता. आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलाय. 'ए' विंगमध्ये मुलगा अमेरिकेहून पैसे पाठवतो, तिथे आनंद आहे. 'बी' विंगमध्ये मुलीची तिकडची फी भरायची आहे, तिथे झोप उडालेली. ते अधूनमधून लिफ्टपाशी गाठून विचारतात, "काका, डॉलर आज घेऊ की थांबू?"

त्यांना मी लागेल तेवढा इतिहास सांगतो. या प्रश्नाचं उत्तर मात्र १९९१ पासून कुणालाच दिलेलं नाही.