मैदानाला कुंपण पडले त्याची हकीकत

सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमाईच्या काठी वसलेल्या शहाद्यासारख्या गावात खेळ पाहण्याची जी रीत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे तिला ना भिंत लागते ना दरवाजा. यात्रेच्या दिवसांत नांगरून, ढेकळे फोडून, पाणी शिंपडून मऊ केलेल्या वावराच्या तुकड्यावर ढोल वाजू लागला की माणसांचे कडे आपोआप जमते, पुढची मंडळी मांडी घालून बसतात, मधली उकिडवी, मागची उभी, आणि त्यांच्याही मागे बैलगाडीच्या साटीवर अथवा बाभळीच्या फांदीवर चढलेली पोरे, अशी चढत्या क्रमाची प्रेक्षागृहरचना कोणा वास्तुविशारदाच्या साहाय्यावाचून घटकाभरात सिद्ध होते. आधी रेवड्यांवर पोराटोरांच्या कुस्त्या लागतात, मग नारळावरच्या, मग वर्गणीतून जमलेल्या इनामाच्या. फेटा बांधलेले पंच हौद्यात फिरत मल्लांच्या जोड्या जुळवीत असतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा जो बाजार भरतो त्यातही एखाद्या जातिवंत घोड्याची चाल पाहण्यासाठी असेच कडे धरले जाते. या कड्यातली कोणतीही जागा कोणाच्या मालकीची नसते. जो आधी आला तो पुढे, एवढीच तिथली वहिवाट. क्रीडांगणांचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो तो बहुधा शतकांचा, झेलांचा आणि चितपटांचा असतो. परंतु जुनी दफ्तरे आणि जुन्या आठवणी चाळू लागले की असे दिसून येते की, मैदानांना भिंती आल्या, भिंतींना दारे आली आणि दारांवर तिकिटे आली, त्या सर्वांच्या मुळाशी एकच तंटा होता: बसायचे कोणी आणि कोठे?

मुंबईत हा जागेचा तंटा फार जुना. किल्ल्याची तटबंदी आणि देशी वस्ती यांच्यामध्ये लष्करी सोयीसाठी मोकळा ठेवलेला एस्प्लनेडचा विस्तीर्ण पट्टा, ज्याचे तुकडे आज ओव्हल, क्रॉस, आझाद अशा नावांनी शिल्लक आहेत, तो मुंबईच्या क्रिकेटचे जन्मस्थान होय. पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तो याच मैदानाच्या भरवशावर. त्यांच्यामागून हिंदू आणि मुसलमान मुले आली, आणि सायंकाळच्या वेळी एकमेकांच्या सीमारेषा ओलांडीत डझनावारी सामने एकाच वेळी चालू लागले. पण १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या सभासदांना त्याच हिरवळीवर पोलो खेळण्याची हौस होती. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडल्या जाऊ लागल्या तेव्हा १८८० च्या दशकात देशी खेळाडूंनी सरकारदरबारी अर्जांची रीघ लावली. कधी हुकूम त्यांच्या बाजूने झाला, कधी फिरला, आणि अखेर सरकारने वेगळीच तजवीज काढली. समुद्रालगत केनेडी सी फेसवर भराव घालून मिळालेली जमीन जातवार वाटून देण्यात आली: आधी पारशांना, मग मुसलमानांना, आणि १८९४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याला. ज्या मैदानावर सर्वांची सामाईक वहिवाट होती त्याऐवजी प्रत्येकाला आपापले कुंपण मिळाले. मरीन लाइन्सला लोकलमधून उतरणाऱ्या प्रवाशाला आजही एकाला एक लागून असलेले हे तिन्ही जिमखाने ओळीने दिसतात. तो एका जुन्या वाटपाचा नकाशा आहे हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

कुंपणाच्या आत आणखी एक कुंपण होते. पळवणकर बाळू हा चर्मकार कुळातला डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या गोऱ्या क्लबात खेळपट्टी लोटण्याच्या चाकरीवर असताना साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत तयार झाला. त्याच्या गोलंदाजीची गरज पुण्याच्या हिंदूंना पडली तेव्हा त्यांनी त्याला संघात घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हातात घ्यावा, पण चहाच्या सुट्टीत त्याने बाहेर उभे राहून मातीच्या टाकाऊ भांड्यातून चहा प्यावा, असा व्यवहार चालला. पुढे १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला, तोवर बाळूची कारकीर्द सरली होती.

१९१२ हे साल या हकीकतीत विलक्षण योगायोगाचे आहे. त्या वर्षी मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांचे चौरंगी सामने सुरू झाले. अमेरिकेतील बोस्टन शहरात २० एप्रिलला फेनवे पार्क हे बेसबॉलचे क्रीडांगण उघडले. आणि कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे खासबाग मैदान कुस्त्यांसाठी खुले झाले.

बेसबॉल हा आपल्याकडे फारसा न खेळला जाणारा खेळ. पण त्याच्या क्रीडांगणांची कथा आपल्याला परकी वाटत नाही. ब्रुकलिनमध्ये विल्यम कॅमायर नावाच्या गृहस्थाने हिवाळ्यात बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी राखलेले आपले तळे उन्हाळ्यात रिकामे पडते असे पाहून १८६२ मध्ये ते सपाट केले, भोवती कुंपण घातले आणि आत येणाऱ्याकडून १० सेंट घेण्यास आरंभ केला. पैसे देऊन खेळ पाहण्याच्या त्या देशातील धंद्याचा उगम तो. फेनवे पार्कची सदतीस फुटी हिरवी भिंत तर त्या खेळाच्या भक्तांसाठी तीर्थस्थानच होऊन बसली आहे. तिच्यावर आपटणारे टोले आणि त्यांच्या आख्यायिका यांनी ग्रंथ भरले आहेत. वस्तुतः तिचा पूर्वज असलेली लाकडी भिंत उभारली गेली ती शेजारच्या रस्त्यावरून फुकट पाहणाऱ्यांची नजर अडवण्यासाठी. शिकागोच्या रिग्ली फील्डसमोरच्या घरमालकांनी तर आपल्या गच्च्यांवर बाके मांडून स्वतःच तिकिटे विकली, आणि दीर्घ वादानंतर २००४ मध्ये त्या उत्पन्नातला सतरा टक्के हिस्सा संघाला देण्याचा करार झाला! बाभळीवर चढलेल्या आमच्या पोराकडे कोणी वाटा मागितल्याचे ऐकिवात नाही.

खासबागेकडे वळले म्हणजे मन प्रसन्न होते, आणि ते का होते हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेस गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन कलोझियम पाहिले आणि परत आल्यावर आपल्या संस्थानात तसे काही उभारण्याचा संकल्प केला. मात्र त्यांनी जे उभारले ती नक्कल नव्हती. रोमन सम्राटांनी दगडी कमानींवर कमानी चढवून प्रेक्षकांना आकाशात नेऊन बसवले; महाराजांनी जमिनीलाच बशीसारखा उतार दिला, मधोमध कुस्तीचा हौदा ठेवला, भोवती भक्कम भिंत घातली, आणि प्रेक्षकाला मातीवरच बसवले. उतारामुळे पुढच्याच्या पटक्याआड मागच्याची कुस्ती जात नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातला पट काढलेला दिसतो. राजमंडळासाठी एका बाजूस उंच व्यासपीठ होते खरे, पण उरलेल्या साऱ्या उतारावर कोणाची जात, कोणाचा हुद्दा विचारण्याची सोयच त्या रचनेत नव्हती. ज्या राजाने १९०२ मध्येच आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला, त्याच्या हातून प्रेक्षागृहही असेच बांधले जावे यात नवल ते काय?

त्या हौद्यातली माती हाही एक स्वतंत्र विषय आहे. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, हळद, लिंबाचा रस आणि तेल मुरवायचे, खोरे मारून ती पुन्हा पुन्हा वरखाली करायची, तेव्हा कोठे ती मल्लाच्या अंगाला लागण्याच्या लायकीची होते. खरचटले तरी चिघळू नये म्हणून हळद, आणि भुसभुशीतपणा टिकावा म्हणून ताक व तेल, असा त्यामागचा हिशेब. आखाड्यात उतरणारा पैलवान प्रथम ही माती कपाळाला लावतो, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर उधळतो आणि मग शड्डू ठोकतो. खासबागेतल्या आरंभीच्या काळातल्या गाजलेल्या कुस्तीत गामाचा भाऊ इमामबक्ष लढला होता. पंजाबातले मल्ल दरबारी आश्रयासाठी कोल्हापूरची वाट धरीत, आणि सांगली-साताऱ्याकडच्या खेड्यांतली पोरे त्यांच्या तालमीत घडत. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे याच परंपरेचे फळ होय.

खासबागेच्या त्या आरंभीच्या काळात मुंबईत मात्र क्रिकेट पाहायला लोक झाडांवर बसत होते. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर कर्नल नायडूंनी एम. सी. सी. विरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या तेव्हा भोवतालच्या इमारतींची छपरे आणि झाडांच्या फांद्या माणसांनी लगडल्या होत्या. डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना झाला तोही याच जिमखान्यावर, म्हणजे जेथे हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते अशा ठिकाणी. लाला अमरनाथांनी त्यात ११८ धावा काढल्या. आपल्या घरच्या सामन्यासाठी दुसऱ्याच्या अंगणात उभे राहावे लागते ही बोच अनेकांना होती, आणि ती ओळखून अँथनी डिमेलो या कल्पक व धडपड्या चिटणिसाने मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना गाठले. आपल्या सरकारसाठी चार पैसे अधिक हवेत की स्वतःसाठी अमरत्व हवे, असा पेच त्याने लाटसाहेबांपुढे टाकला आणि साहेबांनी अमरत्व पत्करले, अशी आख्यायिका आहे. चर्चगेटजवळची भरावाची जमीन क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला सवलतीच्या भावाने मिळाली, आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी ब्रेबोर्न स्टेडियम उघडले. तोवर ब्रेबोर्नसाहेब बंगालला गेले होते, म्हणून अमरत्वाचा तो सोहळा त्यांच्या जागी आलेल्या सर रॉजर लम्ली यांच्या हातून पार पडला.

आणि पहिल्याच वर्षी तंटा उभा राहिला. त्या साली उर्वरित जमातींचा संघ मिळून चौरंगी सामने पंचरंगी झाले, पण नव्या स्टेडियमवर आपल्या जिमखान्याला मिळालेल्या जागा अपुऱ्या आहेत अशी तक्रार करून हिंदूंनी त्यांतून अंग काढून घेतले. खेळपट्टीविषयी नव्हे, पंचांविषयी नव्हे, खुर्च्यांविषयी! पुढे समेट झाला आणि ब्रेबोर्नवर मोठमोठे पराक्रम घडले. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढल्या, त्यावर विजय हजारे यांनी उर्वरित संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. भाऊ विवेक याच्यासह त्यांनी तीनशेची भागीदारी केली तीत विवेकचा वाटा अवघ्या २१ धावांचा होता, आणि एवढे होऊनही संघ डावाने हरलाच. १९६० मध्ये अब्बास अली बेग अर्धशतक करून परतत असताना एका तरुणीने धावत जाऊन त्याच्या गालाचे चुंबन घेतले, ही वार्ता तर धावसंख्येपेक्षाही अधिक दिवस टिकली. शहाद्यासारख्या दूरच्या गावांना हे स्टेडियम पुढे कानांनीच ठाऊक झाले: बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन आकाशवाणीवरून सुरू झाले की रेडिओभोवती कडे जमे आणि त्यात सगळ्यांना सारखीच जागा मिळे.

मुंबई क्रिकेट असोसिएशनला मात्र प्रत्यक्ष ब्रेबोर्नवर तशी जागा मिळत नव्हती. ब्रेबोर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. कसोटी सामना भरवण्याचा मान असोसिएशनचा, पण तिकिटांचा मोठा वाटा क्लबच्या हाती, यावरून वर्षानुवर्षे धुसफूस चालली होती. त्यात एक निमित्त घडले. विधानसभेचे अध्यक्ष आणि असोसिएशनचेही अध्यक्ष असलेले विदर्भातील बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्याकडे काही आमदारांनी एका हौशी सामन्याची कल्पना मांडली, वानखेडे ती घेऊन क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्याकडे गेले, मर्चंटांनी नकार दिला आणि वानखेड्यांनी आपले स्वतंत्र स्टेडियम बांधून दाखवण्याचे बोलून टाकले, असे सांगतात. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा पाठिंबा मिळाला, शशी प्रभू यांनी आराखडा केला, आणि ब्रेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर, रेल्वेरुळांच्या अगदी लगत, सुमारे तेरा महिन्यांत वानखेडे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या; त्याच्या द्विशतकानंतर अभिनंदनासाठी मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी झोडपले आणि संतप्त लोकांनी दंगल माजवली. ब्रेबोर्नवर त्यानंतर २००९ पर्यंत कसोटी सामना झाला नाही. वानखेडेतल्या एका विभागाला पुढे विजय मर्चंटांचे नाव देण्यात आले, हा त्या भांडणाचा सर्वांत सुसंस्कृत शेवट म्हणावा लागेल.

परंतु भांडण संपले असे मात्र नाही. विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली तेव्हा जागा पंचेचाळीस हजारांच्या आसपासवरून तेहतीस हजारांवर आल्या. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्यासाठी त्यांतली अवघी ४,००० तिकिटे सर्वसामान्यांना विक्रीस ठेवण्यात आली. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय मंडळ आणि मान्यवर यांच्यात वाटली गेली. धोनीचा विजयी षटकार जेथे पडला त्या खुर्च्याही आता स्मारक म्हणून राखून ठेवल्या आहेत. ज्या तक्रारीवर ते स्टेडियम उभे राहिले तीच तक्रार त्याच्या दाराशी येऊन थांबली, आणि आमच्या मते तिचे उत्तर मुंबईतल्या तिन्ही क्रीडांगणांपैकी एकालाही देता आलेले नाही.

ते उत्तर ज्या रचनेत आहे त्या खासबागेवर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपत्ती आली. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले आणि मैदानाच्या व्यासपीठाचीही हानी झाली. उतार आणि हौदा शाबूत आहेत. तालुक्या-तालुक्यांच्या क्रीडासंकुलांचे नकाशे ज्या अधिकाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या मेजावर मंजुरीसाठी येतात त्यांनी मान्यवरांच्या मंडपाची लांबी-रुंदी ठरवण्यापूर्वी एकदा कोल्हापूरला जावे, अंबाबाईचे दर्शन घ्यावे, तेथून खासबागेपर्यंत पायी यावे, आणि कुस्त्यांचा दिवस असल्यास व्यासपीठाकडे न फिरकता सगळ्यांत मागच्या रांगेत, मातीवर बसून एक तरी कुस्ती पाहावी.