भवानी झाली का?

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या इमारतीचा लिफ्टमन दारोदार फिरतो. दोनेक वर्षांपूर्वी मी दार उघडलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पोस्त." मी पाकीट आणायला आत वळलो, तेवढ्यात त्यानं समोरच्या गुजराती शेजाऱ्यांची बेल वाजवली आणि म्हणाला, "काका, बोणी." माणूस तोच, मागणं तेच, मिळालेली नोटही बहुधा तेवढ्याचीच. मधल्या चार फुटांत शब्द तेवढा बदलला.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. कारण माझ्या लेखी बोणी म्हणजे दुकानदाराची दिवसातली पहिली विक्री. मुंबईचे टॅक्सीवाले तिला बोनी म्हणतात, हिंदीत ती बोहनी आणि मराठीत भवानी. "घ्या हो ताई, अजून भवानी व्हायचीय," असं म्हणून भाजीवाली मावशी पाच रुपये सोडते ती हीच. मग बक्षिसी मागणाऱ्या लिफ्टमनच्या तोंडी ती कशी आली? त्यानं तर काही विकलं नव्हतं.

भवानीचे नियम सगळ्यांना ठाऊक आहेत. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, वेळ पडली तर भाव पाडायचा. पहिला व्यवहार रोखीचाच, उधारीवर भवानी होत नाही. आलेली नोट आधी कपाळाला, मग तराजूला किंवा मालाला लावायची आणि मगच गल्ल्यात टाकायची. हे ओळखून मुद्दाम सकाळी सकाळी घासाघीस करायला जाणारी मंडळी प्रत्येक गावात असतात. माझे एक काका त्यांतले होते.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे शब्द.

आमच्या वाण्याचं मत पक्कं आहे. दुकानात तुळजाभवानीची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती, आणि मग शटर पूर्ण वर. "आईचं नाव घेऊन धंदा उघडायचा, म्हणून भवानी. यात शोधायचं काय?" महाराष्ट्रात हे म्हणणं इतकं सहज पटतं की त्यावर शंका घेणारा नास्तिक ठरावा. तरी मी घेतो. कारण हा शब्द आपल्या एकट्याचा नाही. तो हिंदीत बोहनी आहे, गुजरातीत बोणी आहे, तेलुगूत बोणी आहे आणि तमिळमध्ये पोणी. या सगळ्यांनी तुळजापूरच्या देवीचं नाव उचललं आणि प्रत्येकानं तेवढंच नेमकं झिजवलं, असं मानायचं का? देवाचं नाव माणसं सहसा झिजवत नाहीत. उलट जपून उच्चारतात.

माझा लाडका पुरावा तर तमिळनाडूतला आहे. ईरोड जिल्ह्यात भवानी नावाचं गाव आहे. तिथे भवानी नावाचीच नदी कावेरीला मिळते आणि तिथले जमखाने 'भवानी जमक्काळम्' म्हणून प्रसिद्ध आहेत. म्हणजे गाव भवानी, नदी भवानी, माल भवानी. आणि तमिळमध्ये त्या मालाच्या पहिल्या विक्रीला शब्द कोणता? पोणी! देवीवरूनच शब्द आला असता तर निदान त्या गावात तरी तो ओळखू यायला नको का?

दुसरी व्युत्पत्ती शेतकऱ्याची. हिंदीत 'बोना' म्हणजे पेरणं; दिवसाच्या कमाईचं पहिलं बी पेरलं, म्हणून बोनी. ऐकायला गोड आहे, पण दोन ठिकाणी अडते. एक, बोहनीतला 'ह' कुठून आला याचं उत्तर तिच्याकडे नाही. दोन, पेरण्याच्या धातूचा 'व' हिंदीत 'ब' होतो, पण गुजराती तो सोडत नाही. गुजरातीत पेरणी म्हणजे वावणी. मग तिथली पहिली विक्रीही 'व'नंच सुरू व्हायला हवी होती. ती तर ठणठणीत 'ब'नं बोणी आहे. हिंदीकडून उसनी घेतली असेल असं म्हणता येईल, पण व्यापाराचा शब्द गुजरात्यानं उसना आणला, हे माझ्या गळी उतरत नाही.

तिसरी व्युत्पत्ती हिंदी कोशकारांची: संस्कृत 'बोधन', म्हणजे जागं करणं. मी या पक्षाचा. 'ध'चा 'ह' होणं ही आपल्या भाषांची जुनी खोड आहे. दधिचं दही झालं, बधिरचा बहिरा झाला, आणि साधूचा साहू, म्हणजे पुढे सावकारातला साव. (साधूपासून सावकार निघावा, याहून मोठा विनोद भाषाशास्त्रात नसेल.) त्याच वाटेनं बोधनची बोहनी होते. रात्रभर झोपलेला गल्ला पहिल्या नाण्यानं जागा केला, हा अर्थही बसतो. व्रजभाषेतल्या दानलीलेच्या पदांत गवळणी वाट अडवणाऱ्या कृष्णाला हाच शब्द ऐकवतात: बोहनीशिवाय दही मिळायचं नाही. म्हणजे शब्द जुना आहे आणि तेव्हाही तो दह्याच्या बाजारातच होता.

मग मराठीत भवानी कशी झाली? शब्दाच्या पोटातला 'ह' पुढे उडी मारून पहिल्या अक्षराला चिकटतो, हे आपल्याकडे नेहमीचं. महिषीची म्हैस अशीच झाली आणि गृहाचं घरही असंच. तसंच बोहनीचं भोनी, भोवनी. पण इथे नियम संपतो. भोवनीपासून भवानीपर्यंतचा तो लांब 'वा' कुठल्याही ध्वनिनियमानं मिळत नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आमच्या वाण्याची तसबीर कामाला येते. अनोळखी शब्दाला ओळखीचा चेहरा द्यायची सवय सगळ्या भाषांना असते. इंग्रजी रिक्रूटचा आपण रंगरूट केला, त्यात रंगाचा काय संबंध? भोवनी ऐकणाऱ्या मराठी कानाला भवानी इतकी जवळची होती की तिनं त्या शब्दाला दत्तक घेतलं. वाण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दत्तक का होईना, आईच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता लिफ्टमनकडे येतो. बोणीचे दोन अर्थ ही गुजरातीची लहर असेल म्हणून मी गप्प बसणार होतो. पण मल्याळममध्ये पहिल्या विक्रीला 'कैनीट्टम' म्हणतात, हे कळलं आणि मी उठूनच बसलो. कारण विषूच्या, म्हणजे नववर्षाच्या, सकाळी घरातली वडीलधारी माणसं लहानांच्या हातावर नाणं ठेवतात, ते विषुक्कैनीट्टम! पुढे इंग्रजीत 'हँडसेल' सापडला. त्याचा अर्थ दिवसाची पहिली विक्री, आणि नववर्षाची भेटही. स्कॉटलंडमध्ये वर्षातल्या पहिल्या सोमवारी नोकरचाकरांना पैसे देत, त्या दिवसाला 'हँडसेल मंडे' म्हणत. फ्रेंचमध्ये 'एत्रेन' म्हणजे नववर्षाची बक्षिसी. पॅरिसच्या इमारतींतले राखणदार तिची वाट बघतात, अगदी आमच्या लिफ्टमनसारखी. त्यावरूनच बनलेलं क्रियापद पहिल्या विक्रीलाही वापरलं जाई.

गुजराती (त्यांचं नवं वर्ष दिवाळीच्या पाडव्यालाच सुरू होतं), मल्याळी, स्कॉटिश, फ्रेंच. चार भाषा, एकमेकींशी या बाबतीत देणंघेणं शून्य, आणि चौघींनी पहिली विक्री व नव्या वर्षाची भेट एकाच शब्दात बांधली. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. माझा अंदाज असा की दुकानदाराच्या मनात भवानी ही विक्री नव्हतीच कधी, तो शकुन होता. वर्षाचा पहिला दिवस जसा जाईल तसं वर्ष, सकाळचं पहिलं नाणं येईल तसा दिवस. म्हणून तर तिथे नफा बघत नाहीत. पहिल्या गिऱ्हाइकाला दिलेली सूट ही विक्रीची युक्ती आहे असं आज आपण समजतो, पण मुळात ती बहुधा शकुनाची किंमत होती. मराठीनं मात्र दोन खाती वेगळी ठेवली, पोस्त दिवाळीचं आणि भवानी दुकानाची. त्यामुळेच हे नातं आपल्याला दिसत नाही.

आणि हे नाणं यावं कुठून, तर हातातून. कैनीट्टम म्हणजे हात पुढे करणं. हँडसेलच्या मुळाशी असलेला जुना नॉर्स शब्द हातावर हात देऊन सौदा पक्का करण्याचा. फिलिपिन्सच्या बाजारात पहिल्या गिऱ्हाइकाला 'बुएना मानो' म्हणतात, स्पॅनिशमध्ये चांगला हात. आपल्या मावशी काय म्हणतात? "तुमच्या हातानं भवानी होऊ द्या." तुमच्या पैशानं नाही, हातानं. ज्याचा हात चांगला लागला त्याला दुसऱ्या दिवशी लांबूनच हाक येते, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवायचा याहून जुना उपाय मला माहीत नाही.

हे झालं हाताच्या शब्दांचं घराणं. दुसरं घराणं उघडण्याचं. तुर्कीत पहिली विक्री म्हणजे 'सिफ्ताह', मूळ अरबी इस्तिफ्ताह, सुरुवात करणं. तिथला दुकानदार ते पैसे जमिनीवर टाकतो किंवा दाढीला लावतो आणि म्हणतो, सुरुवात तुझ्याकडून, बरकत अल्लाकडून. या अरबी शब्दाचं मूळ फ-त-ह, उघडणं. त्याच मुळातून 'फतह' निघाला. किल्ला उघडला म्हणजे जिंकला! आणि तोच मराठीत फत्ते होऊन बसला. म्हणजे आपली फत्ते आणि इस्तंबूलच्या दुकानदाराची भवानी सख्ख्या बहिणी. हे कमी म्हणून की काय, तेलुगू वर्तमानपत्रं क्रिकेट संघानं स्पर्धेतला पहिला सामना जिंकला की 'बोणी' असा मथळा देतात. अरबीत उघडण्याचा विजय झाला, तेलुगूत पहिल्या विक्रीचा.

तुर्कस्तानातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुन्या बाजारातल्या संघांच्या काळात म्हणे सुलतान वेश पालटून खरेदीला गेला. पहिल्या दुकानदारानं एक वस्तू दिली आणि दुसरी मागितल्यावर म्हणाला, माझी सिफ्ताह झाली, शेजाऱ्याची व्हायची आहे, ती त्याच्याकडून घ्या. गोष्ट घडली की रचली, देव जाणे. आमच्या वाण्याला ऐकवली तर तो म्हणाला, "शेजारी तो सुपरमार्केट आहे. त्याला कशाला पाठवू?"

ऑनलाइन दुकानांनी मात्र भवानीचा गोंधळ करून ठेवला आहे. ती पहिल्या ऑर्डरवर सूट देतात खरी, पण ती गिऱ्हाइकाची पहिली ऑर्डर, दुकानाची नव्हे. जे दुकान रात्रीही बंद होत नाही त्याला सकाळ कुठली, आणि सकाळ नाही तर शकुन कशाचा? माझी भाची घरी केलेले मसाले फोनवरून विकते. तिला विचारलं, "तुझी भवानी कधी होते गं?" थोडा विचार करून ती म्हणाली, "मामा, रात्री दोनला आलेली ऑर्डर धरत नाही मी. आंघोळ करून फोन हातात घेतल्यावर येते ती पहिली."

आणि मावशी? त्यांच्या गाडीवर क्यूआर कोडची पाटी आहे, पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबाही आहे. परवा सकाळी सव्वासातला मी मेथीची जुडी उचलली आणि फोन काढला. त्यांनी पाटीवर हात ठेवला. "आत्ता नको. भवानी व्हायचीय. सुट्टं नाणं असेल तर बघा. तो डबा कपाळाला कसा लावू?"

खिशात दहाचं नाणं निघालं. जुडी वीसची होती.

"राहू द्या, दहा उद्या," मावशी म्हणाल्या आणि नाणं कपाळाला लावून तराजूत टाकलं.

भवानी उधारीवर होत नाही, हे मी त्यांना ऐकवलं. "भवानी रोखच झाली की," त्या म्हणाल्या. "उधारी जुडीची."