मोटारीच्या चाकांतील साखळ्या

अमेरिकेंत मोटार प्रथम आली, तेव्हां ती उन्हाळ्याची पाहुणी होती. न्यूयॉर्क संस्थानाच्या उत्तर भागांत बर्फ पडूं लागला कीं, गाड्या ठोकळ्यांवर चढवून वसंतापर्यंत झांकून ठेवीत आणि घोडा बर्फावरच्या घसरगाडीला जुंपीत. मोटारीचे अगदीं आरंभींचे गिऱ्हाईक जे खेड्यापाड्यांतले डॉक्टर, त्यांनाहि आडरानांतल्या रोग्याकडे जातांना पुन्हा लगामच हातीं धरावा लागे. आजार कांहीं ऋतु पाहून येत नाहीं.

दोष इंजिनाचा नव्हता. इंजिन चाक फिरवी. पण चाकाला रेटा देण्यासाठीं खालीं कांहींतरी धरावयास हवें, तें मिळेना. कोरड्या रस्त्यावर रबराला जी पकड असते, तिचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा निसरड्या बर्फावर उरतो. चाक जागच्या जागीं गरगरे आणि घासून घासून आपल्याखालची जागा अधिकच गुळगुळीत करी.

मोटारवाल्यांनीं आपापले तोडगे काढले. कोणी टायराभोंवतीं दोरखंड गुंडाळी, कोणी रानवेलीसुद्धां! कॅनस्टोटा गांवच्या हॅरी वीड ह्यानें ही खटपट पाहिली, आणि दोराच्या जागीं साखळी योजिली. २३ ऑगस्ट १९०४ रोजीं त्यास पेटंट मिळालें.

दोराऐवजीं साखळी, एवढ्यांत फारसें नवल नाहीं. वीडचें चातुर्य निराळ्याच गोष्टींत आहे. त्याच्या साखळीला चाकाशीं जखडणारा एकहि खिळा वा स्क्रू नव्हता. टायरच्या दोन्ही बाजूंस एकेक लांब साखळी, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या टायरवरून गेलेल्या. टायरमधली हवा थोडी सोडावयाची, ही शिडी चढवावयाची, आणि पुन्हा हवा भरावयाची. फुगलेला टायरच तिला धरून ठेवी. पुढें हवा सोडण्याचा हा खटाटोप सुटला, व आंकड्यांनीं ताणून बसविण्याची रीत रूढ झाली. परंतु साखळी चाकाशीं जखडावयाची नाहीं, हें सूत्र टिकलें. किंचित मोकळी असलेली साखळी चाकाच्या फेऱ्यागणिक थोडथोडी सरकत राहते; त्यामुळें एकच दुवा टायरच्या एकाच जागीं पुन्हा पुन्हा घांसत नाहीं. पक्की जखडली असती, तर तिनें टायरच कापला असता; आणि त्या काळीं टायर म्हणजे महागडी चीज!

१९०८ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर हूडिनी ह्या नामांकित जादूगारास ह्याच साखळ्यांनीं बांधून पाहण्यांत आलें. तो अर्थातच सुटला.

साखळीची गैरसोयहि थोडी नाहीं. इंजिन ज्या चाकांस फिरवितें, त्यांनाच ती हवी. भलत्या चाकांवर घातल्यास गाडी हलतच नाहीं. वेग ताशीं तीस मैलांपलीकडे नेऊं नये. बर्फ संपला कीं ती तत्काळ काढावी, नाहीं तर रस्ता आणि साखळी दोन्ही झिजतात. शिवाय हें सारें बधिर बोटांनीं, गुडघे बर्फांत टेकून करावयाचें. पुढें खास हिंवाळी टायर निघाले आणि सपाटीवरच्या शहरांत साखळीचें काम पुष्कळ कमी झालें. डोंगरांत मात्र ती टिकून आहे. हिंवाळ्यांत गुलमर्गला गेलेल्या श्रोत्यांनीं टंगमर्गपाशीं हें पाहिलें असेल. बर्फवृष्टीनंतर साखळ्यांवांचून गाड्यांना वर सोडीत नाहींत. चालक चाकाशीं वांकून साखळी चढवितो, थोडें अंतर गाडी नेऊन थांबवितो, खालीं उतरतो, आणि ढिली पडलेली साखळी पुन्हा ताणून घेतो.