कुमठ्याचा कापूस आणि बाजाराचा न्याय

हुबळीच्या गोकुळ रोडने विमानतळाकडे जाऊ लागले म्हणजे कारखाने, दुकाने, कचेऱ्या आणि शिकवणीवर्ग यांची रांगच दृष्टीस पडते. त्या वर्गांतून आपल्या मंडळींची मुले 'बाजारपेठ', 'व्यवस्थापन' आणि 'नियोजन' या विषयांची मूलतत्त्वे शिकत असतात. ही विद्या परदेशांतून नुकतीच आली, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः तिचे धडे या गावाने आणि आपल्या किनाऱ्याने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी गिरविले आहेत, आणि त्यांची फीही भरली आहे.

धारवाड प्रांताची काळी माती कापसाची. येथील देशी कापसाला व्यापाऱ्यांनी नाव दिले ते मात्र 'कुमठा'. कुमठ्यास कापूस पिकत नव्हता. घाट उतरून तेथील बंदरातून तो मुंबईस जाई, म्हणून हे नाव. माल कोठे पिकतो यापेक्षा तो गिऱ्हाइकास कोठे मिळतो यावरून बाजार त्यास ओळखतो, हा पहिला धडा या एका नावातच आहे.

दुसरा धडा काळाचा. हा कापूस पावसाळा सरता सरता पेरावयाचा आणि माघ-फाल्गुनाच्या सुमारास वेचावयाचा. त्यानंतर सरकी काढणे, गाठी बांधणे, शिरसीवरून देवीमनेचा घाट उतरणे, हे सारे मृगाच्या आत उरकावे लागे. कारण पावसाळ्यात समुद्र बंद. ज्याने बैल, गाड्या, वखार आणि पैसा यांची तजवीज आधी केली नाही, त्याचा माल पुढील हंगामापर्यंत पडून राही व व्याज मात्र चढत राही. नियोजन म्हणतात ते याहून निराळे नाही. शेवटच्या तिथीपासून मागे मोजत येऊन पहिल्या दिवसाचे काम ठरविणे, हे रथोत्सवाची जबाबदारी वाहणाऱ्या आपल्या कोणत्याही मुक्तेसरास सांगावयास नको.

इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोपर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे ८० टक्के कापूस तेथून येत असे. तो अडताच हिंदी कापसाचे भाव कडाडले. धारवाडकडे १८४० नंतरच्या दशकात अमेरिकन बियाण्याचा कापूस रुजविण्यात आला होता. त्यालाही सोन्याचे मोल आले. पण भावाबरोबर लोभही वाढला. सरकी, कचरा आणि हलका देशी कापूस यांची भेसळ इतकी माजली की, मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. वकील या नात्याने मला या कायद्याचे कौतुक कमी आणि खेद अधिक वाटतो. विक्रेत्याचा शब्द पुरेसा असतो तेथे कायदेमंडळाला गाठी उसवून पाहाव्या लागत नाहीत. पत ही व्यापाराची पहिली पुंजी; ती खर्ची पडली की कायदा तिची भरपाई करू शकत नाही, फार तर दंड वसूल करतो.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करावयाचे होते. त्या दिवशी कित्येक पेढ्यांचे दिवाळे वाजले. पुढे खुद्द मुंबईची सरकारमान्य बँकही बुडाली. युद्ध कधीतरी संपणार, हे कोणास ठाऊक नव्हते? परंतु चढत्या भावालाच लोकांनी कायमचा भाव मानले. गरजेतून आलेली मागणी आणि संकटातून आलेली मागणी यांतील भेद न ओळखणे, ही त्यांची खरी चूक.

आता सरकारी नियोजनाची कथा पाहू. कारवारचे बंदर सुरक्षित; तेथून धारवाडचा कापूस थेट परदेशी जावा, अशी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची आकांक्षा होती. त्या ओघात १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. जिल्हा हलला, पण रेल्वे आली नाही. १८८० नंतरच्या दशकात लोहमार्ग हुबळीस पोचला आणि पुढे लोंढ्यावरून गोमंतकातील मुरगाव बंदरास जाऊन भिडला. कापसाने घाटाची वाट सोडली. कारवारला आगगाडीची शिटी ऐकू आली ती कोकण रेल्वेमुळे, विसाव्या शतकाच्या अखेरीस! कागदावरच्या सीमारेषेने व्यापार वळत नाही. तो सोयीच्या वाटेने वळतो.

कुमठ्याचे वैभव असे ओसरले. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक घराणी पोटासाठी घाट चढून हुबळी-धारवाडास आली, कित्येक मुंबईस गेली. पण येथेच या कथेला निराळे वळण लागते. मुंबईस गेलेल्यांपैकी श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्थेचा पाया घातला. लहान ठेवी, लहान कर्जे, चोख हिशेब आणि सभासदांपुढे जाहीर जबाबदारी, एवढेच तिचे भांडवल. तीच संस्था आज मोठी बँक म्हणून उभी आहे. तेजीच्या दिवसांत उभारलेल्या किती पेढ्यांविषयी असे म्हणता येईल?

वकिलीत मी वाटणीचे आणि भागीदारीचे दावे पाहतो. त्यांत धंदा तोट्यात गेल्याची तक्रार क्वचित असते. हिशेब लिहिला नाही, अटी ठरविल्या नाहीत, हीच तक्रार बहुधा असते. बाजार दैवासारखा लहरी आहे, असे पक्षकार म्हणतात. मला तसे वाटत नाही. बाजार न्यायाधीशासारखा आहे: तो तुमची तळमळ पाहत नाही, पुरावा पाहतो, आणि तारखेस गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निकाल देतो.

गोकुळ रोडवर नवे दुकान मांडणाऱ्या तरुणाने देवापुढे नारळ अवश्य वाढवावा. मात्र त्याच दिवशी चोपडीचे पहिले पानही लिहावे. कुमठ्याच्या धक्क्यावरून गेलेल्या गाठींनी आपल्या पूर्वजांना एवढेच शिकविले, आणि ते शिकण्यास त्यांना दोन पिढ्या लागल्या.