बर्डीच्या टेकडीवरची रात्र



बँकेच्या कामाला, गटाच्या मसाल्यासाठी पाकिटं आणायला आपण बर्डीला किती वेळा जातो! टेकडी गणपतीला हात जोडतो, मेन रोडवर घासाघीस करतो आणि एसटी सुटेल म्हणून धावत परत निघतो. वर टेकडीवर किल्ला आहे, एवढं माहीत असतं. बी.ए.ला मला इतिहास होता, तरी तिथली लढाई मी एका ओळीतच शिकले : १८१७, सीताबर्डी, इंग्रज जिंकले. आज ती ओळ जरा उघडून पाहू.

सुरुवात पैशापासून करते, ते आपल्याला लवकर कळतं. १८१६ मध्ये नागपूरचे दुसरे रघुजी भोसले वारले. मुलगा परसोजी अधू. मग कारभार कोणाच्या हाती असावा, यावर घरात ओढाताण सुरू झाली. एकीकडे रघुजींच्या राणी बाकाबाई, दुसरीकडे पुतणे अप्पासाहेब. आपली बाजू बळकट व्हावी म्हणून अप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची फौज राज्यात राहणार आणि तिच्या खर्चापोटी भोसल्यांनी दरसाल साडेसात लाख रुपये मोजायचे. घरातलं भांडण मिटवायला बाहेरच्याला बोलावलं, आणि त्याच्या जेवणाचा खर्चही आपल्याच माथी. असले व्यवहार आपण गावात पाहिलेले आहेत.

पुढच्या फेब्रुवारीत परसोजी मरण पावले आणि अप्पासाहेब गादीवर आले. तोवर हा तह गळ्याला फास आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. पेशव्यांनी पाठवलेला किताब आणि मानाची वस्त्रं अप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबरला भर दरबारात स्वीकारली. इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्स काय समजायचं ते समजला. त्यानं आपली फौज सीताबर्डीच्या टेकड्यांवर चढवली.

टेकड्या दोन आहेत. एक मोठी, एक लहान, मध्ये अरुंद खिंडवजा जागा. लहान टेकडी शहराच्या अंगाला, म्हणून तीच नाक्याची. वर इंग्रजांचे सुमारे १,४०० शिपाई, खाली भोसल्यांची सुमारे १८,००० फौज, त्यात तीन-चार हजार अरब पायदळ. २६ तारखेच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर थांबला नाही. लहान टेकडीवरचे शिपाई पडत गेले, त्यांच्या जागी दुसरे पाठवावे लागले. २७ ला सकाळी तिथल्या दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. त्या गोंधळात अरब टेकडीवर चढले आणि टेकडी त्यांनी घेतली. तिथून मोठी टेकडी तोफेच्या माऱ्यात आली. इंग्रजांचं आता संपलंच, असा तो क्षण होता.

आणि इथे, इंग्रजांनीच लिहून ठेवलेल्या हकिगतीत, पहिल्यांदा बायका येतात.

मद्रासच्या पलटणींतले शिपाई आपलं कुटुंब बरोबर घेऊन फिरत. टेकडीच्या पायथ्याशी त्यांच्या झोपड्या होत्या. हल्ला करणारे त्या झोपड्यांत शिरू लागले, तेव्हा बायकांच्या किंकाळ्या वरच्या शिपायांच्या कानांवर गेल्या, एवढंच लिहिलं आहे. त्या किती होत्या, पुढे त्यांचं काय झालं, याचा हिशेब नाही. आपण गटाच्या रजिस्टरात वीस रुपये भरणारीचंही नाव लिहितो, म्हणून मला हे फार टोचलं.

नाव राहिलं ते कॅप्टन फिट्झजेराल्डचं. हुकूम नसताना, स्वतःच्या जबाबदारीवर, त्यानं बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या मैदानात घातल्या आणि भोसल्यांच्या तोफा हिसकावून घेतल्या. ते पाहून टेकडीवरच्या शिपायांना हिंमत आली. तेवढ्यात लहान टेकडीवर आणखी एक स्फोट झाला, शिपाई संगिनी रोखून धावले आणि टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७. त्यातले बहुतेक आपल्याच देशातले, पगारासाठी दूरदेशी आलेले. खालून चढणारे अरबही पगारीच. वर जो पगार मिळत होता, त्यातही नागपूरच्या तिजोरीचा पैसा होता!

डिसेंबरात इंग्रजांची आणखी कुमक आली, १६ तारखेला पुन्हा लढाई झाली आणि नागपूर पडलं. अप्पासाहेबांना पुढं कैद झाली, ते निसटले, महादेवाच्या डोंगरात लपले, आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. इकडे दहाएक वर्षांच्या मुलाला तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवलं आणि राज्याचा कारभार बाकाबाईंच्या नावानं सुरू झाला. ज्या हक्कासाठी त्या दोन वर्षांपूर्वी भांडत होत्या, तो मिळाला खरा, पण चाव्या जेन्किन्सच्या कमरेला. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले आणि इंग्रजांनी राज्यच खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. ते पाहायला म्हाताऱ्या बाकाबाई जिवंत होत्या. त्यांना कोणी दुबळ्या म्हणतं, कोणी इंग्रजधार्जिण्या. मला वाटतं, सही करणाऱ्या बाईला दोष देणं सोपं असतं, कागद कोणी लिहिला ते कोणी विचारत नाही.

किल्ला आता लष्कराकडे आहे. लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतात. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की आपल्या गटाच्या बाया जाणार आहोत, भाकरी बांधून. वर गेलात तर तोफा पाहाच, पण पायथ्याकडेही बघा. झोपड्या तिथं होत्या.