गव्हाशिवाय मग केक: एकट्यापुरता, मायक्रोवेव्हमध्ये, दहा मिनिटांत

मग केक म्हणजे चहाच्या मोठ्या मगमध्येच कालवून मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेला एका माणसापुरता केक. तो सहसा मैद्याचा करतात, पण ग्लुटेन चालत नसेल तर ज्वारीच्या पिठाचाही चांगला होतो. कोरेगाव भीमा आणि शिरूर तालुक्याच्या परिसरात त्यासाठी वेगळे महागडे पीठ शोधण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी ही जुनीच पिके आहेत, आणि दोन्हींत ग्लुटेन नसते.

ग्लुटेन कोणाला चालत नाही?

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन आहे. सिलिअ‍ॅक आजारात ते पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. त्यामुळे अन्नातील लोह, कॅल्शियम वगैरे नीट शोषले जात नाही. मुलांची वाढ खुंटणे, सतत जुलाब, पोट फुगणे, औषधाने न हटणारा अ‍ॅनिमिया ही त्याची लक्षणे असू शकतात. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद ठेवणे हाच उपचार आहे.

शंका असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन टीटीजी ही रक्ततपासणी करावी. तपासणीपूर्वीच गहू बंद केला, तर आजार असूनही अहवाल चुकीने ‘नाही’ असा येऊ शकतो.

साहित्य

- ज्वारीचे पीठ: 4 सपाट टेबलस्पून (सुमारे 30 ग्रॅम)
- गूळ पावडर: 2 टेबलस्पून
- पिकलेले केळे: अर्धे
- दूध: 3 टेबलस्पून
- पातळ केलेले तूप: 2 चहाचे चमचे
- बेकिंग पावडर: पाव चहाचा चमचा
- वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ

कृती

1. सुमारे 300 मिलिलिटरचा, मायक्रोवेव्हला चालणारा चिनी मातीचा किंवा काचेचा मग घ्या. स्टीलचा किंवा सोनेरी कड असलेला नको.
2. मगमध्ये केळे काट्याने कुस्करा. त्यात गूळ, दूध आणि तूप मिसळा.
3. पीठ, मीठ आणि वेलदोडा घालून गुठळ्या मोडा. पाच मिनिटे तसेच ठेवा.
4. शेवटी बेकिंग पावडर मिसळा. मग निम्म्याहून जास्त भरलेला नसावा, नाहीतर केक उतू जातो.
5. 800 वॅटवर 75 सेकंद ठेवा. मध्यभागी ओले वाटले तर 10-10 सेकंद वाढवा.
6. दोन मिनिटे थांबून खा. आतला गूळ चटका देण्याइतका गरम असतो.

हे का जमते?

गव्हाच्या केकमध्ये ग्लुटेनची जाळी हवा धरून ठेवते. ज्वारीत ती नसल्याने केक भुगा होऊ शकतो. इथे केळे बांधणीचे काम करते. केळ्याऐवजी एक अंडे चालते, मग दूध एक चमचा कमी घ्या. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता मुख्यतः पाण्याच्या रेणूंमुळे निर्माण होते, म्हणून पीठ आधी भिजायला हवे. न भिजलेले पीठ दीड मिनिटात शिजत नाही आणि दाताखाली रवाळ लागते. एक फायदाही आहे: मैद्याचे मिश्रण जास्त ढवळले तर केक चिवट होतो, ज्वारीत ती भीती नाही.

बाजरीचे पीठ वापरायचे असेल तर ताजे दळलेले घ्या. ते लवकर कडवट होते. चव गूळ-तुपातल्या मलिद्याच्या जवळ जाते. सकाळची बाजरीची भाकरी उरली असेल तर ती कुस्करून, गूळ-तूप घालून 20 ते 30 सेकंद गरम केली की मलिदाच तयार.

खरा धोका गिरणीत

सिलिअ‍ॅक रुग्णासाठी कृतीपेक्षा पीठ महत्त्वाचे आहे. ज्या गिरणीत आधी गहू दळला, तिच्या जात्यात आणि डब्यात गव्हाचे पीठ उरते व ते आपल्या ज्वारीत मिसळते. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. इतक्या कमी मर्यादेपुढे गिरणीतली भेसळ किरकोळ ठरत नाही. म्हणून ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळावी, किंवा गहू कधीच न दळलेली घरघंटी वापरावी. गव्हाच्या कणकेची चाळणीही वेगळी ठेवावी.

नेहमी होणारे गैरसमज

- खपली गहू हाही गहूच आहे. त्यात ग्लुटेन असते.
- रवा, दलिया आणि गव्हाच्या शेवया चालत नाहीत.
- सातूच्या पिठात आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो.
- बाजारच्या बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते.
- माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरीत जव असतो.
- बेकिंग पावडर आणि गूळ पावडरीच्या पाकिटावरील घटक वाचूनच घ्यावे.

ग्लुटेन नाही म्हणजे साखर नाही असे नव्हे. या केकमध्ये गूळ आणि केळे दोन्ही आहेत, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी तो इतर गोडाइतकाच जपून खावा. ज्यांना गहू चालतो, त्यांना ग्लुटेन टाळून वेगळा लाभ होतो असेही नाही.